स्थळ

दर तीन महिन्यांनी एकदा
पार्किंगच्या गच्चीवर उभा राहून मी
समोरच्या मनोऱ्यांचे उजळलेले मजले मोजतो.
याचे मला पैसे मिळतात.
कॅल्गरी, जानेवारी, उणे एकवीस.
पेन गोठतं, म्हणून पेन्सिल.

डार्लीन ह्रिचको मजले भाड्याने लावते,
एखादी मावशी लग्नं लावायची तशी.
वय, उंची, नदीकडे तोंड आहे का,
आधी कुणाशी बोलणी मोडली होती का,
सगळं तिला तोंडपाठ.
"मागणी आहे," ती म्हणते, "पण नव्याला."
तपकिरी काचेचा तो, एकोणऐंशी सालचा,
तेलाच्या भरात घाईघाईने बोहल्यावर चढलेला,
त्याला आता कुणी बघायलाही येत नाही.
छत बुटकं. लिफ्ट रेंगाळते.
बत्तिसातले एकोणीस मजले रिकामे.
तेव्हा त्याच्याच खेटून, कोपऱ्यावर,
चाळीस मजले नवे हवेत.
कुंपणावर चित्र लागलंय:
चित्रातली झाडं जानेवारीतही हिरवी,
आणि माणसं शर्टांच्या बाह्या दुमडून
कुठेतरी वेळेवर पोचणारी.

कुंपणाच्या आत अजून
वार्तान केशिशियानचं दुकान आहे. बूट दुरुस्ती.
मला वाटलं, तो शिव्या घालील.
टाचेत खिळा ठोकत तो म्हणाला,
"बांधा. लवकर बांधा.
लोक घरी बसून काम करतात, मोज्यांवर.
मोज्यांना मी काय तळ लावू?"
"पण दुकान पाडतील तुझं."
"पाडू देत. खाली एक गाळा देणार आहेत."
"लेखी?"
त्याने पुढचा खिळा ओठांत धरला.
ओठांत खिळा असलेल्या माणसाला
उत्तर द्यावं लागत नाही.

तर, मोजत होतो.
तपकिरीत अठरावा उजळला. लिहिला.
एकोणिसावा. लिहिला. विसावा.
अकरा मजले झाले तेव्हा हात चोळत
खाली नजर टाकली,
तर अठरावा काळा. एकोणिसावा काळा.
दिवा एकच होता,
तो जिना चढत होता.

वर गेलो. अठ्ठाविसाव्या मजल्यावर
एर्लिंडा माकाराएग
व्हॅक्यूम ओढत होती, मोकळ्या गालिच्यावर,
टेबलांच्या पायांचे खळगे अजून तसेच.
सफाईचा करार मार्चपर्यंतचा,
मग माणसं असोत नसोत.
भिंतीवर चार वर्षांपूर्वीचं कॅलेंडर.
तिने काढलं नाही, करारात भिंती येत नाहीत.
खिडकीच्या कट्ट्यावर डबा उघडून
तिने मला भात दिला, झाकणात,
आणि खालच्या चित्राकडे बोट दाखवलं.
"किती मजले?"
"चाळीस."
तिने बोटं मोजली. कांड्यांवर, अंगठ्याने.
"एका बाईला रात्रीत पाच. आठ बायका."
मग जरा थांबून,
"नव्यात टेबलं असतील. टेबलं असली की चारच होतात.
दहा बायका धर."
आणि भात संपवता संपवता:
"माझं नाव सुचव कुणाला तरी."

कुणाला?
माझ्या तक्त्यात मागणीचा रकाना आहे,
त्यात चौरस फूट लिहायचे असतात.
डार्लीनला आकडा उद्या नऊला हवा.
पेन्सिलीचं खोडता येतं. अकरा खोडले.
मग कितीतरी वेळ खोडरबराचा चुरा
कागदावरून झटकत बसलो.

रात्री वारा फिरला. डोंगरांकडून तो उबदार वारा,
इथे त्याला चिनूक म्हणतात,
एका रात्रीत आठवड्याचा बर्फ खातो.
सकाळी कुंपणाआड नुसता चिखल,
त्यात मोजणीदाराच्या खुंट्या, गुलाबी फिती बांधलेल्या,
एक वार्तानच्या पायरीला लागून.
माझ्या डाव्या बुटात पाणी शिरत होतं.
दुकान उघडं होतं.
माझ्या पुढे रांगेत कुणी नव्हतं.