हात वर

माझ्या हातात चार नंबरचा माईक असायचा,
गळ्याला निळी टेप, दर सकाळी नवी बॅटरी.
आक्रात, मंत्र्यांच्या पत्रकार परिषदेत
मी तो खुर्च्यांमधून फिरवायची.
प्रश्न माझा नसे, उत्तर तर नसेच.
मधलं अंतर तेवढं मी चालायची.

कुणाकडे जायचं ते मिस्टर बाफो भुवयांनी सांगत.
पहिल्या रांगेत टीव्हीवाले. हरमाटनच्या दिवसांत
अख्खं शहर पिठासारखं भुरकट होतं,
त्यांच्या बुटांवर मात्र धूळ बसत नाही.
ते विचारत, सर, एवढं काम करता, झोपता कधी?
मग मंत्री थोडे लाजत. लाजणं त्यांना छान जमतं.

दाराशी टेबल, टेबलावर रजिस्टर.
सही केली की पाकीट.
पाकिटाला इथे सोली म्हणतात,
सॉलिडॅरिटीचं घरातलं नाव.
ट्रोट्रोचं भाडं, चवळीभाताची एक प्लेट,
पोरीच्या दोन वह्या, एवढंच निघतं त्यातून.
पगार तीन महिने थकलेला असेल तर एवढंही पुष्कळ.
मी कुणाला नावं ठेवत नाही.
माझंही पाकीट असे, जरा पातळ.

तिसऱ्या रांगेत, खांबाच्या आड, आग्बेको.
चार पानी साप्ताहिक; लिहिणारे तेच, तपासणारे तेच,
शनिवारी सायकलवरून वाटणारेही तेच.
पाकीट घेत का? घेत.
"ट्रोट्रोवाला तत्त्वांवर नेत नाही, पोरी," म्हणाले होते एकदा.
आणि आत जाऊन हात वर करत.
सहा वर्षं तो हात बघत होते मी:
मनगटावर घड्याळाचा फिकट पट्टा, घड्याळ नाही.
बाफोंच्या भुवया त्या खांबापर्यंत कधी पोचल्याच नाहीत.

त्या मंगळवारी काय झालं, नीट सांगता येत नाही.
धैर्यबिर्य काही नव्हतं. नवी चप्पल चावत होती,
पहिली रांग लांब वाटली, खांब जवळ.

आग्बेकोंनी माईकवर आधी फुंकर मारली,
गरम पेजेवर मारावी तशी.
मग वही उघडून, बोट ठेवून वाचलं:
"साहेब, याच खुर्चीवरून तुम्ही म्हणाला होतात,
आफेवूच्या प्रसूतिगृहात मार्चपर्यंत जनरेटर बसेल.
मला एवढंच विचारायचंय,
कुठल्या मार्चपर्यंत?"

त्या हॉलमधला एसी इतका घरघरतो
हे मला तेव्हा कळलं.

मंत्री हसले.
पहिली रांग हसली, मंत्र्यांपेक्षा जरा जास्त वेळ.
मग मंत्र्यांनी हात वर केले, दोन्ही:
कंत्राट मागच्या सरकारचं, माल बंदरात अडकलेला, त्यात डॉलर,
आणि ते खातंही तसं माझं नव्हे...
सगळे कॅमेरे त्या दोन हातांवर.

"पुढचा प्रश्न," बाफो म्हणाले.
पुढचा प्रश्न फुटबॉलचा होता.

संध्याकाळच्या बातम्यांत मंत्र्यांनी फीत कापली.
शनिवारी साप्ताहिकात, पान तीनवर, तो प्रश्न छापून आला,
खाली उत्तराएवढी कोरी जागा.
त्याखाली मिठाच्या कंपनीची जाहिरात असायची,
ती त्या आठवड्यापासून येत नाही.

जनरेटर? नाही.
आफेवूत माझी मावशी अजून
टॉर्च दातांत धरून नाळ कापते.
(हो, चपलेबरोबर हेही होतं.)
बदल म्हणाल तर एक झाला:
मंत्री आता तारीख देत नाहीत, "लवकरच" म्हणतात,
आणि म्हणताना त्यांची नजर
खांबाला चाटून जाते.
आग्बेको वहीत लिहितात, "लवकरच",
पुढे त्या दिवसाची तारीख घालतात.

मला दाराशी रजिस्टरवर बसवलंय.
आग्बेको सही इतकी दाबून करतात
की मागच्या पानावर ती बोटाला लागते.
चार नंबर आता क्वाशिगा नावाच्या पोराकडे आहे.
बॅटरी कशी बदलायची ते मी त्याला शिकवलं,
बाकी काही बोलले नाही.
त्याच्या चपला तेवढ्या बघून ठेवल्या.