शिक्षणातील खंडाचे कारण

आमच्या बोरा बाजारच्या बिल्डिंगीत
चौथ्या मजल्यावर फी देणारा फंड आहे.
जून लागला की जाळीच्या दारातून
फायली छातीशी धरून माणसं आत येतात:
पोळीभाजी केंद्रातल्या बायका,
रात्रशाळेतून बारावी झालेला वॉचमन,
एकदा तर एक आजीबाई, शिवणाच्या डिप्लोमाला.
नातवाचा अर्ज का, म्हणून विचारलं
तर माझ्यावरच डाफरली.

वर जाताना सगळ्यांचा एकच प्रश्न, "बाई कशा आहेत?"
मी सांगतो, "चांगल्या आहेत. झेरॉक्स दोन ठेवा."
खाली येताना मला विचारावं लागत नाही.
काम झालं असलं तर फाइल काखेत असते.
नसलं तर दोन्ही हातांत,
आणि नजर मजल्यांच्या आकड्यांवर.

एकोणीस वर्षं हेच.
मग मालकांनी नवी लिफ्ट ठरवली,
बटणांची, आरशाची, आपणहून बोलणारी.
नकाशा पाहिला मी. स्टूल कुठंच काढलेलं नव्हतं.

लिफ्ट मेकॅनिकचा कोर्स, संध्याकाळचा, वर्षभराचा.
फी बावीस हजार सहाशे.
घरात पगार दोन, माझा आणि सुमतीचा,
एकमेकांना टेकून उभे.
एक हलवला की दुसरा पडतो.

अर्ज चार पानी.
उत्पन्नाच्या दाखल्याला तीन खेपा.
रेशनकार्डावर मी 'सोनु', ऱ्हस्व,
दाखल्यावर 'सोनू', दीर्घ.
त्या एका उकारापायी एक खाडा.
पालकाची सही:
बाबा जाऊन चौदा वर्षं झाली. रेघ मारणार होतो,
थोरली म्हणाली, आणा इकडे,
आणि केली तिनं, निळ्या शाईत,
तिच्या प्रगतीपुस्तकावर मी करायचो तशीच, न वाचता.
शिक्षणात खंड असल्यास कारण:
जागा दीड ओळ. खंड अठ्ठावीस वर्षं.
लिहिलं, 'कामावर होतो.'
तरी अर्धी ओळ उरली.

मुलाखतीला
'लिफ्ट बंद आहे'ची पाटी अडकवली आणि जिन्यानं गेलो.
चौथा मजला इतका वर आहे
हे मला माहीत नव्हतं.
टेबलापलीकडे तिघं.
या वयात? हो.
पुरा कराल? हो.
पुढं नोकरीचं काय? ते कसं सांगू.
खंबाटा बाई गप्प. माझं नाव वाचत होत्या,
वडलांच्या नावासकट, आडनावापर्यंत,
ओळीखाली बोट ठेवून.

संध्याकाळी साडेसहाला त्या लिफ्टमध्ये आल्या.
मी दार ओढलं.
चौथा गेला, तिसरा गेला, कुणी बोललं नाही.
दुसऱ्याशी लिफ्ट थरथरली, रोजच्यासारखी.
"घाडीगांवकर, ही इथंच का हो थरथरते?"
"गाइडचे बूट झिजलेत, बाई, डाव्या अंगाचे.
त्यात रुळाचा सांधा नेमका इथं.
नवे बूट आणि थोडं ग्रीस, बास.
चार वर्षं सांगतोय."
तळमजल्यावर उतरल्या. दोन पावलं गेल्या. वळल्या.
"हे वर का नाही सांगितलंत?"
"वर वय विचारलं, बाई."

महिन्यानं पाकीट दिलं त्यांनी, लिफ्टमध्येच.
अर्धे मंजूर. उरलेले चार हप्त्यांत.
पाकीट मी काखेत धरलं की दोन्ही हातांत,
आता आठवत नाही.

सोमवारी लॅमिंग्टन रोडला गेलो.
जुनी इमारत, जाळीचं दार,
स्टुलावर माझ्याच वयाचा एकजण, कानाशी रेडिओ.
मी सवयीनं हँडलच्या बाजूला जाऊन उभा.
त्यानं कोपरानं मला मागं सारलं,
दार ओढलं,
आणि माझ्याकडे न बघता विचारलं,
"कितवा?"