किरकोळ

उपासना संपली की मी वेस्ट्रीत बसतो.
पंख्यानं पाकिटं उडतात,
म्हणून त्यांच्यावर ठेवलेली असते
जुन्या घंटेची तुटकी जीभ.

अकरा वर्षं झाली, खजिनदार मीच.
उपकारस्तुतीच्या पाकिटावर तीन रेघा छापलेल्या:
नाव. रक्कम. कारण.
माझ्या वहीला मात्र रकाने आहेत:
वाढदिवस, लग्न, परीक्षा, आजारातून उठणे,
आणि शेवटचा, सगळ्यांत रुंद,
किरकोळ.

तीमथ्य पंडित, शंभर रुपये:
सळईच्या कारखान्यात बोट वाचलं, नख गेलं.
नाओमी सोनवणे, एकावन्न:
मोसंबीला भाव नाही, झाडं उभी आहेत.
आणि वाकड्या अक्षरात, नाव नाही, पाच रुपये:
पप्पा काल रात्री सरळ घरी आले.
हे कुठं बसवायचं?
किरकोळ.

आज दुर्कसबाई निर्मळ उशिरा आल्या,
उपदेश अर्ध्यावर होता तेव्हा.
लुगड्याचा काठ ओला, पावलांचे ओले ठसे
दारापासून बायकांच्या तिसऱ्या बाकापर्यंत.
पाळकसाहेब थांबले. सगळी मंडळी वळली.
"नळ आलता," त्या म्हणाल्या, "नवव्या दिवशी.
सोडून येऊ का मंग?"
पाळकसाहेब, ज्यांच्या गल्लीत नळ आलाच नव्हता,
"आमेन" म्हणाले
आणि पुढचा मुद्दा विसरले.

त्यांचं पाकीट आत्ता उघडलं.
अकरा रुपये. दहाची नोट दमट.
कारण: नळ आला. उशीर झाला. दोन्हीबद्दल.

दोन्हीबद्दल.
नळाचं कळतं, जालन्यात कुणालाही कळेल.
उशिराबद्दल कोण उपकार मानतं?
एकट्या राहणाऱ्या बाईकडे
एकदम सत्तर माणसं वळून बघतात, म्हणून?
का आपली वाट बघून कुणी थांबलं, म्हणून?
माहीत नाही.
विचारणं खजिनदाराचं काम नाही.

लेआ गेल्यापासून मी पाकीट टाकलेलं नाही.
दशांश देतो. तो हिशेब आहे, तो चुकत नाही.
लोक म्हणाले, ती सुटली, त्याबद्दल तरी उपकार मान.
मी मान हलवली.
मान हलवायला पैसे पडत नाहीत.

पण ती दमट नोट बोटांना लागली
आणि घाटीतला पॅसेज आठवला, रात्रीचे तीन.
आत तिच्या नाकात नळी,
बाहेर माझ्या हातात तिची एक चप्पल,
कशासाठी धरली होती कोण जाणे.
एक वॉर्डबॉय आला, भिंतीला टेकून बसला,
थर्मासच्या झाकणात स्वतःच्या चहातला अर्धा ओतला
आणि माझ्यापुढे धरला.
बोलला काहीच नाही.
चहा फार गोड होता, माझ्या शुगरला चालणारा नव्हता.
पिऊन झाकण परत दिलं.
मीही काहीच बोललो नाही.
पहाटे ती गेली, तेव्हा त्याची ड्यूटी बदललेली.
नाव विचारायचं राहिलं.

हे मला चार वर्षांत एकदाही आठवलं नव्हतं,
असं म्हणणं खोटं होईल.
आठवायचं.
पण कुठल्या रकान्यात लिहिणार?

कोरं पाकीट घेतलं.
नाव लिहिलं. रक्कम, वीस.
कारण: अर्धा कप चहा. उशीर झाला.

बेरीज आधीच मांडली होती, ती विसानं चुकली.
खोडली, नवी लिहिली, शेजारी सही केली.
या वहीतली पहिली खाडाखोड.

पुढच्या रविवारी पाळकसाहेब कारणं मोठ्यानं वाचतील.
माझं आलं की मी बाकाखाली वाकून
चष्मा शोधत असेन,
जो माझ्या नाकावरच असेल.