लेकुरवाळी

नान्ना पत्त्यांना भोकं पाडायचे.
जुगाराचे पत्ते नव्हेत, जकार्डचे.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं बसून राहतो.
एवढीच विद्या, ते म्हणायचे,
बाकी सगळा माल.

त्या उन्हाळ्यात मागावर दोन ऑर्डरी होत्या :
मेलबर्नच्या पोरांच्या टॉवेलांवर कांगारू,
पन्हाळ्याकडच्या कुठल्याशा रिसॉर्टसाठी घोरपड.
रात्रपाळीत अक्कलकोट रोडची लाईट गेली,
दोन्ही माळांच्या दोऱ्या तुटल्या,
आणि मेणबत्तीच्या उजेडात नान्नांनी
एकशे अकराव्यामागं एकशे बारावाच ओवला,
पण दुसऱ्या माळेतला.

पहाटे माग सुरू झाले.
खटक खटक,
आधी शेपूट आलं, खवल्यांचं, बरोबर.
मग मागच्या नख्या.
मग, घोरपडीचं पोट जिथं भुईला घासतं
तिथं एक खिसा,
आणि खिशाच्या काठावर दोन कान,
बाहेर बघावं की नको अशा बेतात.
पुढं परत खवले. शेवटी जीभ, दुभंगलेली.

(दुसऱ्या मागावरचं कांगारू
पोटाला खवले घेऊन निघालं, बिनखिशाचं.
त्याच्याबद्दल आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही.)

दुडमशेठ आले. टॉवेल उलटा धरला, सुलटा धरला.
‘इदेंटि, मल्लेशम?’
नान्ना म्हणाले, ‘घोरपडच आहे, शेठ.
लेकुरवाळी.’

सहाशे नग वाया. दोन पगार कापले.
माल किलोवर विकला, आणि त्या वर्षी
विडी घरकुलात दोरीदोरीवर ती लोंबत होती,
नाक पुसायला, भाकरी गुंडाळायला,
म्हाताऱ्यांच्या डोक्यावर दुपारची.

तिचे कायदे आम्ही पोरांनी केले.
ती भुईकोटाच्या खंदकात राहते.
विड्यांच्या पानांचा वास तिला चालतो, कुत्री चालत नाहीत.
अंडं घालते, पण पुरत नाही,
खिशात ठेवते.
इथं श्रीनू अडला. त्याच्या पुस्तकात होतं
सरपटणाऱ्यांचं रक्त थंड असतं.
मग खिसाही थंडच की.
अंडं उबणार कसं?

अम्मा पान कापत होती, मांडीवर सूप.
हजार विड्या व्हायला अजून तीनशे बाकी.
वर न बघता म्हणाली,
‘तिला म्हणावं, बारा वाजता आमच्या पत्र्यावर येऊन पड.
सोलापूर कशाला आहे मग?’

आता कॉम्प्युटरवर डिझाईन येतं.
माळ नाही, दोरी नाही, मेणबत्ती नाही,
घोरपड घोरपडीसारखी निघते.
नान्नांचे पत्ते बंबात गेले. एक मी ठेवलाय,
उन्हात धरला की फरशीवर ठिपके पडतात.
कांगारूचा की घोरपडीचा
ते एका पत्त्यावरून कळत नाही.
नान्नांना विचारायचं राहून गेलं
की त्या रात्री मेणबत्ती खरंच एवढी बारीक होती का.

पण मे महिन्यात, चव्वेचाळीसला पारा,
पत्र्यावर काही खरवडल्याचा आवाज आला
की अम्मा अजून तोंडावर बोट ठेवते.
‘हळू बोला गं.
पोटात आहे तिच्या.’