मापांची वही

उमुआहियाच्या बाजारात, पामतेलाच्या पिंपांमागे
माझं शिलाईयंत्र.
ऑगस्टच्या सभेसाठी बावन्न जणींचे कपडे,
एकच छाप, निळ्यावर पिवळे पंखे.

खजिनदार बाई आल्या, मागे एक पोर.
"हिचा शाळेचा झगा. बाह्या लांब ठेव."
या उकाड्यात?
विचारलं नाही. गिऱ्हाइकाला कोण विचारतं.

नाव तेवढं विचारलं.
न्वाकाएगो. म्हणजे, पैशाहून लेकरू मोठं.
गावाकडून आणलेली, शिकवायचं कबूल करून.
आईकडे तांदळाचं एक पोतं पोचलं म्हणे.

खांद्याकडे फीत उचलली
तर ती खाली बसली.
बसली कसली, दुमडली,
जुन्या घडीवर कापड आपसूक पडतं तशी.

छाती चोवीस. कंबर बावीस.
दंड.
दंडावरच थांबली फीत.
वायरीचा वळ दुहेरी असतो, टोकाशी गोल.
कुठला जुना, कुठला याच आठवड्यातला,
टाके मोजणारीला कळतं.

"हट्टी आहे," बाई हसल्या. "वळण लावतेय."

माझ्याही तोंडी हाच शब्द.
टेबलावर लाकडी पट्टी आहे, कापड मापायची.
ती उचलली की माझा इकेदी
बोलता बोलता गप्प होतो.
मला वाटायचं, लक्ष देतो.

त्या रात्री मापांखाली लिहिलं:
डावा दंड, तीन. उजवा, दोन.
पाठ, माहीत नाही.
मग पान उलटून इकेदीचं नाव लिहिलं
आणि पुढे काही लिहवेना.

सभेत उभी राहिले. सगळ्या निळ्या-पिवळ्या.
म्हातारी ओयिदिया म्हणाली, घरातलं घरात.
मी म्हटलं, मूल एकट्या घराचं नसतं,
हे आपणच सांगतो ना, बारशाला, नाचताना?
मग रडतं तेव्हा एकट्या घराचं कसं?

कुणी बोललं नाही.
बाईंनी पर्सची चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली.
दुसऱ्या दिवशी चौघींनी शिलाई परत मागितली.
एकजण मात्र अंधार पडल्यावर आली,
बालकल्याण कचेरीचा नंबर चिठ्ठीवर देऊन गेली,
नाव न सांगता.

न्वाकाएगो झगा घालून बघायला आली
तेव्हा फितीचं टोक तिच्याच हातात दिलं.
"तू धर. तू सांग कुठवर."
बराच वेळ धरून उभी होती.

पट्टी अजून टेबलावर आहे. कापडाला लागतेच.
इकेदी अजून आधी तिच्याकडे बघतो,
मग माझ्याकडे.