क्रोमर, फेब्रुवारी

आईस्क्रीमचं दुकान ईस्टरपर्यंत बंद.
पाटीवरचे भाव गेल्या उन्हाळ्यातले.

नभा विचारते, समुद्रपण बंद आहे?
नाही गं, तो चालू आहे,
गिऱ्हाईक नाही एवढंच.

शर्वच्या बुटात लाट शिरली.
त्याचा गारठलेला पाय काखेत धरून
मी बाकावर बसते, वाऱ्याकडे पाठ करून.
गूळतुपाच्या पोळीत वाळू करकरते,
तरी दोघं ती मागून मागून खातात.
तासाभराचं पार्किंग,
त्यातली वीस मिनिटं मोजे बदलण्यात.

परतताना काचांवर वाफ.
मागे दोन माना एकाच बाजूला कलंडलेल्या.
नभाच्या मुठीत एक गोटा;
त्याला थंडी वाजत होती, म्हणाली होती.

नॉरिच आलं, घर आलं.
मी इंजिन बंद करत नाही.