सादळ

तक्रार अशी होती : एसी गार करतो, पण बरं वाटत नाही.
खोतबाईंनी लेखी दिली होती. खाली सही, तारीख,
आणि तारखेच्याही खाली, बारीक अक्षरात :
बिस्किटं सादळतात.

महापे, तिसरा मजला, सप्टेंबर संपत आलेला.
बंद काचेपलीकडे पारसिकचा डोंगर.
मी पिशवीतून खुळखुळा काढला.
म्हणजे एका दांड्याला दोन थर्मामीटर,
एक कोरडा,
दुसऱ्याच्या टोकाला मलमलची ओली चिंधी.
जत्रेतल्या पोरासारखा गरागरा फिरवायचा.
शिपाई यदुनाथ हसला. हसू दे.
माठ का गार होतो हे त्याला ठाऊक आहे,
ही चिंधीही तेवढंच सांगते :
हवेला अजून तहान किती.

कोरडा चोवीस. ओला साडेवीस.
फारशी तहान उरलेली नाही.
तक्ता उघडला, शिडासारखा, उजवीकडे फुगत गेलेला,
आणि वाकड्या रेषांवरून बोट नेलं.
त्र्याहत्तर टक्के.
किलोभर हवेत जवळजवळ चौदा ग्रॅम पाणी.
दवबिंदू एकोणीसच्या किंचित खाली,
म्हणजे त्याहून गार जे काही या खोलीत असेल
त्याला घाम फुटणार.
छतातल्या जाळीला फुटलाच होता.
कडेने काळी बुरशी,
खाली कुणीतरी ठेवलेला स्टीलचा डबा. टप.

मशीन बिघडलेलं नव्हतं.
मीच निवडलं होतं ते, आठ वर्षांपूर्वी,
रबाळ्याच्या ऑफिसात, पहिल्यांदाच एकटीने.
वहीत अजून आहे. माणसं : चौसष्ट.
माणशी इतके वॉट अंगाची ऊब,
माणशी इतके वॉट श्वासातली वाफ.
तितकेच संगणक. दिवे. पश्चिमेची काच.
वर थोडं जास्तीचं, भीतीपोटी.

आता मोजली. अकरा.
बाकीच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या,
कप्प्यांवर चिकटवलेली नावं तशीच :
स्टॅन्ली. हर्षला. कुट्टी. दुसरी हर्षला.
काम गेलं, खोतबाई म्हणाल्या,
काहींचं बंगळुरूला, काहींचं कुठेच नाही.

आता हे कसं सांगायचं
की मोठं मशीन रिकाम्या खोलीला झटकन गार करतं
आणि थांबतं.
हवा पिळायला त्याला वेळच मिळत नाही.
थंड नळ्यांवरून ती सारखी जात राहिली पाहिजे,
धुणं पिळावं तशी, पुन्हा, आणखी एकदा.
त्रेपन्न माणसं जाताना आपली ऊब घेऊन गेली
आणि त्यांच्या नावाने
बाहेरची ताजी हवा मात्र अजून येते आहे.
डँपर कुणी कमी केलाच नाही.
चौसष्ट जणांच्या श्वासासाठी ओढलेली
खाडीची जड हवा
अकरा जणांच्या कॉलरींवर बसते.

मी सांगितलं : डँपर आवळा, मशीन लहान घ्या,
नाहीतर हवा आधी नीट गार करून मग जराशी तापवा.
तापवा? हिशेबाचे गृहस्थ म्हणाले. एसीत?
आणि रिमोट घेऊन त्यांनी सोळावर लावला.
सगळे तेच करतात.
गार म्हणजे कोरडं, असं वाटतं माणसाला.

डँपर मीच आवळला, शिडीवर चढून.
यदुनाथने डबा कुंडीत ओतला,
पुसला, पुन्हा जागेवर ठेवला.
वहीत चौसष्टवर काट मारायची होती.
मारली नाही. शेजारी पेन्सिलीने अकरा लिहिलं.

बाहेर पडले आणि चष्मा पांढरा झाला.
काच चोवीसची, बाहेरचा दवबिंदू पंचविसाच्या वर,
साधा हिशेब.
तशीच उभी राहिले फाटकापाशी, पुसलाही नाही लगेच.
कुणीतरी रिक्षातून विचारत होतं, घणसोली? मॅडम, घणसोली?
बहुतेक मलाच.